पगार पाळकांना, काम मंडळीचं

अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सध्या जो वाद चालू आहे, तो फोनवरून दुबईपर्यंत येऊन पोचतो. धर्मांतरविरोधी कायद्याची भाषा सुरू झाल्यापासून काहीजण म्हणतात, सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याचं, नाव काढू नका, उपासनेपुरतं चर्चला या. दुसरे विचारतात, मग पाळकसाहेबांना, चर्चच्या धर्मगुरूंना, पगार कशासाठी देतो? एकाला भीती आहे, दुसऱ्याची तक्रार आहे. स्वतः काही करायला दोघेही तयार नाहीत.

इथे दुबईत राहून मला हे पटेनासं झालंय. अमिरातीत मुसलमानांमध्ये धर्मप्रचार करणं गुन्हा आहे, पण शासकांनी दिलेल्या जमिनींवर चर्च उभी आहेत आणि उपासना उघडपणे चालते. प्रचाराची मिरवणूक नाही, पत्रकं नाहीत. उरतात ते साधे सभासद. आमच्यातल्या एक सिस्टर रात्रपाळी संपली तरी वॉर्डात थांबतात. बांधकामावरून पडलेल्या कामगाराच्या घरी व्हिडिओ कॉल लावून देतात, डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या बायकोला सावकाश हिंदीत सांगतात. 'दीदी, आप ये सब क्यों करती हो?' असं कुणी हिंदू किंवा ख्रिस्ती कामगाराने विचारलंच, तर येशूचं नाव निघतं. एरवी नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 उघडून पाहा. पहिल्या मंडळीचा छळ झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, यरुशलेमेतच राहिले. पांगले ते बाकीचे, आणि वचन सांगत फिरले तेही तेच. त्यांची नावंसुद्धा बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. आपल्याच नगरच्या रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. मिझोरमच्या बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्यावर मिशनकार्य चालतं. त्यासाठी परदेशी पैसा लागला नाही.

राहिला कायदा. राज्यघटनेचं कलम 25 धर्माचा प्रसार करू देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये सांगितलं. पण मन पालटणं हे आपलं काम कधी होतं? ते देवाचं.

येत्या वार्षिक सभेत पगाराचा ठराव मांडाल, तेव्हा हाही मांडा: दर रविवारी दुपारी सिव्हिल हॉस्पिटलात कोणती दोन घरं जाणार. पत्रकं नेऊ नका. ज्यांचं कुणी आलेलं नाही त्यांच्याजवळ बसा, आणि बदल्यात काही मागू नका.