दवाखान्याकडून उत्तर: त्या ‘दीड तासा’बद्दल

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. इथून नेल्यापासून तुमची मांजर मिनू तीन दिवस पलंगाखाली बसून आहे आणि घरातला बोका तिच्यावर फिसकारतोय, हे वाचून वाईट वाटलं. तुम्हाला आणि तिला त्रास झाला त्याबद्दल माफी मागते. पण ‘दीड तास कुत्र्यांमध्ये ताटकळत ठेवलं’ हे काही मला पचत नाही.

तुमची वेळ शनिवारी सव्वासहाची होती. तुम्ही आलात ७ वाजून ५ मिनिटांनी. पार्किंग मिळेना, असं तुम्हीच काउंटरवर म्हणालात. आमच्या गल्लीत शनिवारी ते मिळत नाही, मीही भोगते. तरी तुम्हाला परत पाठवलं नाही, लगेच आत घेणार होतो. तेवढ्यात गाडीखाली सापडलेलं कुत्रं आलं, रक्तबंबाळ. तुम्ही समोरच होता. ७.४० ला मिनू टेबलावर होती, रजिस्टरला वेळ लिहिलेली आहे. म्हणजे ३५ मिनिटं. सव्वासहापासून मोजलं तर जवळजवळ दीड तास भरतो खरा, पण त्यातली ५० मिनिटं तुम्ही इथे नव्हताच!

त्या ३५ मिनिटांत आमच्या मुलाने बास्केटवर टॉवेल टाकून दिला होता. समोरची कुत्री दिसली नाहीत की मांजर पुष्कळ शांत राहतं. तो टॉवेल तुमच्या लेकीने दोनदा काढला, शेजारच्या लॅब्राडॉरला मिनू दाखवायला. लहान आहे म्हणून मी गप्प बसले.

रक्त काढताना मानगूट धरली, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. घाईत होते, टॉवेलमध्ये गुंडाळून घ्यायला हवं होतं.

आता बोक्याचं. मांजरं एकमेकांना वासावरून ओळखतात. मिनूच्या अंगाला स्पिरिटचा, माझ्या ग्लोव्ह्जचा, परक्या कुत्र्यांचा वास लागला होता, त्यामुळे बोक्याच्या लेखी ती परकीच. वास जावा म्हणून आंघोळ घालू नका, आणखी बिथरेल. तिला एका खोलीत वेगळी ठेवा, पाणी आणि लिटर ट्रे तिथेच. पलंगाखालून ओढून काढू नका. एक मऊ फडकं बोक्याच्या गालांवरून फिरवून तिच्या अंथरुणात ठेवा, तिच्या गालांवरून फिरवलेलं दुसरं त्याच्याकडे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना खायला घाला, आणि फिसकारणं थांबलं की दार थोडं थोडं उघडा. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं, त्या कुत्र्याच्या गडबडीत राहून गेलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही: ती खातेय का? मिनू साडेपाच किलोची आहे. अशी जाड मांजरं दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नसेल तर ‘घाबरलीय’ म्हणून वाट बघू नका, लगेच आणा. तपासणीचे पैसे घेणार नाही. निघायच्या दोन-तीन तास आधी द्यायची भीती कमी करणारी गोळी असते, तिच्याबद्दल आधी फोनवर बोलू. बास्केटही ऐनवेळी माळ्यावरून काढू नका, आजपासूनच घरात उघडी राहू दे.

अकरा वर्षं हा दवाखाना मी एकटी चालवतेय. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी अपॉइंटमेंट रद्द केली. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मांजरांसाठी वेगळी वेळ ठेवायचा विचार आहे, बहुतेक एखादी दुपार. बसायची खोली एकच, मध्ये पडदा लावता येतो का तेही बघते.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी असते, तेव्हा कुत्री कमी येतात. फोन करून या. आणि जमलं तर घरून थोडं आधी निघा.