सकाळी अकराचा उजेड

गेल्या आठवड्यात एका कामासाठी जुनी हार्ड डिस्क काढून बसलो होतो. मुंबईच्या फोर्टमधल्या इमारतींचे फोटो हवे होते, तेही घाईने. सव्वीस वर्षांचं काम आहे त्यात. सुरुवातीच्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवलेल्या, पुढचं सगळं डिजिटल. दोन रात्री बघत होतो, आणि दुसऱ्या रात्री कधीतरी पोटात कालवलं. माझ्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या फोटोंत माणूसच सापडेना.

याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. इमारतीचा फोटो काढायचा तर आम्ही रविवार गाठतो. पहाटेची लोकल पकडून उजाडायच्या आत ट्रायपॉड लावून उभे. बस नाही, टॅक्सी नाही, फेरीवाल्यांच्या निळ्या ताडपत्र्या अजून बांधलेल्या. तिरपं कोवळं ऊन दगडावर पडतं तेव्हा प्रत्येक कोरीव पान सुटं दिसतं. शिफ्ट लेन्सने उभ्या रेषा सरळ करायच्या आणि साडेसातला इराण्याकडे चहा-ब्रून मस्का. कॅलेंडरला, कंपन्यांच्या अहवालांना, हॉटेलच्या लॉबीला हेच फोटो लागतात. मी ते काढले, विकले, त्यावर घर चाललं.

पण अशा फोटोंनी या शहराला एक सवय लावली आहे असं मला आता मनापासून वाटतं. इमारत म्हटलं की आपल्याला तिचा दर्शनी भाग आठवतो. आत कोण बसायचं, कशासाठी रांग लागायची, हे आठवत नाही. मग इमारतीचा वापर बदलायची वेळ आली की चर्चाही तेवढ्यावरच होते. दर्शनी भाग राखणार ना? राखणार. झालं, मिटलं.

रीगल सिनेमासमोर उभे राहा. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय ज्या इमारतीत आहे ना, तिच्या माथ्यावरच्या त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे, आजूबाजूला जलपऱ्या आणि समुद्रातले घोडे. पोलिसांच्या कचेरीवर समुद्रदेव कशाला, असं मला लहानपणी वाटायचं. उत्तर इमारतीच्या जन्मात आहे. १८७६ साली ती पूर्ण झाली ती रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम म्हणून. जहाजावरून उतरलेल्या खलाशांना अंग टाकायला जागा हवी, म्हणून. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, ज्यांनी पुढे व्हीटी, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधलं. १९२८ मध्ये सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. राज्य झाल्यानंतरही, नरिमन पॉइंटचं विधानभवन १९८१ मध्ये उभं राहीपर्यंत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाची मुंबईतली अधिवेशनं याच जागेत भरली. १९८२ पासून पोलीस. खलाशी, आमदार, पोलीस, तिघांच्याही डोक्यावर तोच नेपच्यून. हे माझ्या फोटोत कुठे आहे? माझ्या फोटोत सुंदर दगड आहे आणि ढग आहेत.

तिथून रस्ता ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे गेलेलो आहोत. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची ती इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झाली आणि संग्रहालय उघडायच्या आधी तिथे सैनिकांचं इस्पितळ चाललं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला. म्हणजे त्या घुमटाखाली मूर्ती येण्याआधी खाटा होत्या. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं, तोवर मी त्या घुमटाचे निदान शंभर फोटो काढले होते. जवळच्या सर कावसजी जहांगीर हॉलचं तसंच. १९११ चं सार्वजनिक सभागृह, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. वापर बदलला, पण तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतं. असा बदल मला मनापासून पटतो.

खरा जीव अडकलाय तो एस्प्लनेड मॅन्शनमध्ये. काळा घोड्याची, लोखंडी सांगाड्याची ती इमारत. मूळची वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले खांब आणि तुळया जहाजाने मुंबईत आणून जोडल्या. रचना रोलंड मेसन ऑर्डिश यांची. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही त्यांचा हात होता. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंची चलच्चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात, एक रुपया तिकीट लावून. ती पाहणाऱ्यांत आपला एक मराठी फोटोग्राफर होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. पाहून आले आणि विलायतेहून कॅमेरा मागवला, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. आमच्या धंद्यातला माणूस एका संध्याकाळी त्या इमारतीत गेला आणि बाहेर पडला तो हलणाऱ्या चित्रांचं वेड घेऊन. तिथून जाताना आजही माझी पावलं मंद होतात.

हॉटेल बंद पडल्यावर खोल्या भाड्याने गेल्या. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट जवळ असल्याने वकिलांची दालनं, टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, छोट्या पेढ्या. मी २००४ साली पहिल्यांदा आत गेलो. लाकडी जिना पावलागणिक कुरकुरत होता. पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेले, दीडशे वर्षांच्या चपला-बुटांचे. जिन्याच्या भिंतीवर नावांच्या पाट्या, एकावर एक ठोकलेल्या. पितळी, मग पत्र्याच्या, मग प्लास्टिकच्या. एका पाटीवरचं नाव खरवडून त्याखाली नवं लिहिलेलं, तरी जुनं वाचता येत होतं. वरच्या मजल्यावर ओतीव लोखंडाच्या खांबाला कुणीतरी खिळ्याऐवजी सुतळी बांधून वकिलाचा काळा कोट टांगला होता. बाजूला एक म्हातारे टायपिस्ट रेमिंग्टनवर अ‍ॅफिडेव्हिट बडवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोर्टाचं काम आहे का?" म्हटलं, नाही, फोटो काढतो. "मग उजेडाला आडवे उभे राहू नका."

बाजूला झालो, कोटाचा फोटो घेतला आणि निघालो. त्यांचा घेतला नाही. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित बसलेही असते. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, इमारतीचा सज्जा कोसळून माणूस दगावला. धोक्यात आलेल्या जगभरातल्या शंभर वास्तूंच्या यादीत ती आली. २०१९ मध्ये सगळ्यांना बाहेर काढून ती रिकामी केली. आता तिचं पुढे काही होईल तेव्हा, जे कोणी करतील त्यांनी सांगाडा तर वाचवावाच, पण तळमजला तरी लोकांना येता-जाता येईल असा ठेवावा. ज्या जागेत एक रुपया टाकून पहिला सिनेमा बघता आला, तिथे पुढे फक्त पाहुण्यांच्या यादीत नाव असलेल्यांना प्रवेश, असं होऊ नये.

आता व्हीटीबद्दल. नाव १९९६ ला बदललं, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं, आणि ते योग्यच झालं, पण आमच्या घरात सगळे व्हीटीच म्हणायचे, म्हणून तेच लिहितो. माझे बाबा तिथे मध्य रेल्वेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं होते. डोंबिवलीहून रोज ८.१७. मे महिन्याच्या सुट्टीत कधीतरी ते मला सोबत न्यायचे. लोक त्या इमारतीला जागतिक वारसा म्हणतात, युनेस्कोने २००४ साली तसं म्हटलंही. माझ्यासाठी ते बाबांचं ऑफिस होतं. उंच छतापासून लांब दांडीला लोंबणारा पंखा. नक्षीदार कमानीच्या खिडकीत माठ, कारण तिथे वारा लागायचा. टेबलावर काच, काचेखाली स्वामी समर्थ आणि लोकलचं वेळापत्रक. लाल कापडात बांधलेले गठ्ठे. कबुतरं आत येऊ नयेत म्हणून खिडकीला जाळी, आणि जाळीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, दगडात कोरलेलं एक माकड. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी शंभर वर्षांपूर्वी कोरलेलं. बाबांचे सहकारी त्याला 'साहेब' म्हणायचे, कारण सगळ्यांचं काम तोच बघत बसलेला असायचा.

खाली तिकीटघराच्या छतावर निळ्यात सोनेरी चांदण्या आहेत. स्टार चेंबर म्हणतात त्याला. रांगेत उभ्या माणसाची नजर खिडकीतल्या कारकुनावर, चांदण्या डोक्यावर. मला यात कधी वाईट वाटलं नाही. गावाला जायचं तिकीट काढताना डोक्यावर चांदण्या असाव्यात, असं कुणालातरी वाटलं आणि त्याने त्या काढल्या. याहून मोठा मान साध्या प्रवाशाला कुठे मिळतो?

काही वर्षांपूर्वी त्या इमारतीतली कार्यालयं हलवून संपूर्ण वास्तूचं संग्रहालय करायचा विचार पुढे आला होता. कर्मचाऱ्यांनी विरोध केला. वारशाचे प्रेमी असलेले माझे काही मित्र तेव्हा नाराज झाले, कारकुनांनी इमारतीची वाट लावली म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. स्टीव्हन्सनी ती स्टेशन आणि रेल्वेची कचेरी म्हणून बांधली आणि ती आजही तेच करते. लोंबणाऱ्या वायरी नीट करा, एसीचे डबे दगडावरून उतरवा, छतं गळतात ती दुरुस्त करा, हे सगळं रास्त आहे. पण टेबलं उचलून तिथे काचेच्या पेट्या ठेवल्या तर त्या पेट्यांत काय ठेवणार? टेबलंच ना!

आणि व्हीटीचे माझ्याकडे किती फोटो असतील? तीन-साडेतीन हजार. पावसातलं, रोषणाईतलं, घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्याचं. बाबांचा त्यांच्या टेबलावर बसलेला एकही नाही. मी फोटोग्राफर झालो तेव्हा ते अजून नोकरीत होते. सहा वर्षं होती माझ्या हातात. ते तर रोज तिथे असायचे, म्हणून कधी घेतला नाही.

गिरण्यांचं लिहायला घेतलं की हात जड होतो, म्हणून थोडक्यात. माझे मामा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांचं परत जाणं झालं नाही. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारच्या घरबांधणी मंडळाला, जायचा होता. २००१ च्या बदलाने ते वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरतं उरलं आणि कामगारांच्या घरांची, मैदानांची जागा आटून गेली. आज लोअर परळला गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या आहेत, फिनिक्सची चिमणी मॉलच्या मधोमध उभी आहे, आणि लोक तिच्यापुढे सेल्फी घेतात. चिमणी राखली हे चांगलंच केलं. पण एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये उघडलेल्या रेस्टॉरंटचं काम मी केलं तेव्हा एका खांबावर तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेला आकडा दिसला. मामांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "तो लायनीचा नंबर. आत येऊन बघता येईल का रे?" मी या म्हटलं. मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात गेटवर त्यांना अडवलं, कुणाकडे जायचंय, बुकिंग आहे का, विचारलं. मामा बाहेरच्या फुटपाथवर उभे होते. आत चला म्हटलं तर नको म्हणाले. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. पुढच्या खेपेला गेलो तर खांब काळा रंगवून झाला होता.

म्हणून आता कुठल्याही इमारतीचा वापर बदलतोय असं ऐकलं की मी एवढंच बघतो, काल जो आत जात होता त्याला उद्या जाता येईल का. ऑपेरा हाऊस बघा. १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं नाट्यगृह. तिथे बालगंधर्व उभे राहिले, मग सिनेमा आला, १९९३ ला कुलूप लागलं, आणि २०१६ मध्ये आभा नारायण लांबा यांच्या जीर्णोद्धारानंतर पुन्हा रंगमंच उजळला. पुन्हा बसायला खुर्ची मिळाली, याचा मला फार आनंद आहे. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत घ्या. १९७४ ची, तेवीस मजली. कंपनीचं मुख्यालय २०१३ ला दिल्लीला गेलं, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती १,६०१ कोटींना विकत घ्यायचं ठरवलं. तिथे सरकारी कार्यालयं बसली तर जिल्ह्याजिल्ह्यांतून फायली घेऊन माणसं येतील, समुद्राकडे बघत डबा खातील. मला ती इमारत तशी बघायची आहे.

मी ठरवलंय की यापुढे कामाच्या दिवशी, सकाळी अकराला जायचं. त्या वेळचा उजेड वाईट असतो. ऊन वरून येतं, सज्जाखाली काळ्या सावल्या पडतात, पांढरे शर्ट फुटतात, म्हणजे फोटोत नुसते पांढरेफटक येतात. असू दे. परवानगी मिळेल तिथे आत जाईन, टेबलं, जिने, पाट्या, डबे, माणसं त्यांना विचारून टिपीन.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी व्हीटीत, जीपीओत, पालिकेत, जुन्या सचिवालयात, एस्प्लनेड मॅन्शनमध्ये, कुठल्या गिरणीत कामाला असेल, तर कपाटातले अल्बम काढा. निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो असेल, सत्यनारायणाचा असेल, दसऱ्याला यंत्राची पूजा केलेला असेल. हललेला असला तरी चालेल. मागे खिडकी, खांब, जिना काहीही दिसत असेल तर घरच्यांना विचारून इथे खाली टाका, आणि कोणतं साल, कोणतं खातं, एवढं लिहा. १९९० ते २००० मधला व्हीटीच्या लेखा विभागातला एखादा ग्रुप फोटो कुणाकडे निघाला, तर कृपा करून मला टॅग करा. खिडकीत माठ असेल. मागच्या रांगेत, डावीकडून बघा, चष्म्यातले, उंच.