डांबराचा हंगाम आणि फायलीचा हंगाम

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत डांबराचा नवा थर पडला, तेव्हा सगळ्यांनाच बरे वाटले होते. तीन आठवड्यांनी एका यंत्रणेची माणसे आली आणि केबलसाठी तोच रस्ता कडेने खोदून गेली. चर मुरूम टाकून बुजवला, त्यावर रोलर काही फिरला नाही, आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींतच तो वीतभर खचला. पुढे त्या चरातून पाणी शेजारच्या डांबराखाली शिरत गेले आणि पोळ्यापर्यंत नव्या थराचे पापुद्रे सुटून गिट्टी उघडी पडली.

प्रत्येक नागपूरकराने असे काही पाहिलेले आहे, म्हणून निव्वळ तक्रार न करता त्यामागची व्यवस्था मांडावीशी वाटते. रस्त्यांसाठी पैसा नाही, हे मला अर्धेच खरे वाटते. असलेला पैसा चुकीच्या महिन्यात हाती येतो, हे उरलेले अर्धे आहे.

जकात होती तोवर महापालिकेकडे रोजचे हुकमी उत्पन्न होते. १ एप्रिल २०१३ पासून नागपुरात जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईपोटी राज्य शासनाकडून येणाऱ्या रकमेवर बरीचशी भिस्त आली. पगार, निवृत्तिवेतन, पाणीपुरवठा आणि कचरा यांचा खर्च टाळता येत नाही, त्यामुळे कात्री लागते ती देखभालीला. विशेष अनुदान येते ते बहुधा नव्या कामांसाठी. त्यातून सिमेंटचा रस्ता होतो, पण जुन्या रस्त्याची भेग वेळेवर भरली जात नाही.

खरी अडचण मात्र वेळापत्रकात आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आयुक्तांचा अर्थसंकल्पी अंदाज स्थायी समितीकडे आणि तेथून सभागृहाकडे जातो. त्यानंतर प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) असा फाईलचा प्रवास होईपर्यंत जूनचा मध्य उलटतो आणि पाऊस येऊन ठेपतो. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, म्हणजे कामाचे महिने ऑक्टोबर ते मे एवढेच. त्यांतले सुरुवातीचे निसटले की मार्चअखेरच्या घाईत जेथे निविदा तयार असेल तेथे थर पडतो, मग त्या रस्त्याला त्याची गरज असो वा नसो.

रस्ता आपले दुखणे ऑगस्टमध्ये दाखवतो. पाणी कोठे साचते, कोणती नाली तुंबून रस्त्यावर येते, थर कोणत्या कडेने सुटतो, हे कनिष्ठ अभियंत्याने भर पावसात प्रभागातून पायी फिरून टिपले, तर त्याच महिन्यात प्राकलने करून दिवाळीपूर्वी कार्यादेश देता येतील. येथे नालीची दुरुस्ती हीसुद्धा रस्त्याचीच देखभाल धरावी, कारण नागपूरच्या मोठ्या भागात खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा थर कितीही चांगला असला तरी त्याला तडा देते.

शिवाय शहरातले सगळे रस्ते मनपाचे नाहीत. नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महामार्ग प्राधिकरण यांच्याकडेही रस्ते आहेत, आणि खड्ड्यात पडलेल्याने दाद कोणाकडे मागायची हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून प्रत्येक रस्त्याची नोंदवही असावी आणि ती झोन कार्यालयाबाहेर लावावी, असा माझा आग्रह आहे. रस्ता खोदणाऱ्याकडून तो पूर्ववत करण्यासाठी घेतलेले पुनर्भरणाचे शुल्क त्याच रस्त्यावर खर्च झाले की नाही, हेही तिच्यात दिसावे. आमच्या गल्लीपुरता मी या आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत: शेवटचा थर कोणत्या तारखेला पडला, कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो, आणि तो चर खोदायची परवानगी देताना नवा थर पडल्याची नोंद फाईलवर होती का. नियमाप्रमाणे ३० दिवसांत उत्तर यायला हवे. आले की जसेच्या तसे येथे टाकीन.