32 क्लिक आणि आईची कंबर

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर माझी गाडी वळणात तसूभरही कलत नाही. 2.1 किलोमीटरचा गुळगुळीत ट्रॅक. तिथे वाटतं, जगात न्याय आहे. मग तीच गाडी पुण्यात येते आणि मागच्या सीटवर आई बसते.

गाडीला कॉइलओव्हर बसवलेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं सस्पेन्शन. पुढची स्प्रिंग मिलिमीटरला 6 किलोची, म्हणजे साठ किलोची आई तिच्यावर उभी राहिली तर ती जेमतेम एक सेंटिमीटर दबेल. (हे उदाहरण मी घरात देत नाही.) शिवाय डॅम्परला, म्हणजे शॉकअपला, 32 क्लिक. नॉब इकडे फिरवला की कडक, तिकडे फिरवला की मऊ. पुढचे नॉब बॉनेट उघडलं की हाताशी येतात. मागच्यांसाठी डिकीतल्या मंडईच्या पिशव्या, छत्र्या, बाबांची घडीची खुर्ची बाहेर काढून अस्तर उचकटायचं, तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याच्या "काय, परत बिघडली?" ला मान डोलावत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि छान गोलाईदार असतो. आमच्या गल्लीतला बहुधा कुणाचं तरी सिमेंट उरलं म्हणून झालाय. पण त्याहून वाईट त्या ओळीने मारलेल्या जाड पट्ट्या. डॅम्पर फार कडक असला की पहिल्या पट्टीला दबलेली स्प्रिंग पुरती उलगडायच्या आत दुसरी पट्टी हजर. गाडी दर पट्टीला खालीखाली बसत जाते आणि शेवटी सस्पेन्शनच्या आतल्या रबरी ठोकळ्यावर धाडकन आपटते. एवढं सोसून पकड तरी मिळावी? तीही नाही. खडबडीत रस्त्यावर चाक अर्धा वेळ हवेत, आणि हवेला काय पकडणार!

"अरे, शॉकअप काढून विकलेस का?" आईने विचारलं.

मी गुपचूप मागचे नॉब सैल केले. नवले पूल ओलांडल्यावर मागून आवाज आला, "आज बरं आहे. पण डावीकडून अजून बसतंय हो." घरी येऊन मोजलं. डावा नॉब खरंच एक क्लिक कडक निघाला.

तेव्हापासून ट्रॅकहून परतलो की आईला घेऊन एक चक्कर होते. ती सांगते, मी फिरवतो. परवा गॅरेजवाल्याने गाडी चालवून पाहिली आणि सेटिंग कुणाकडून करून घेतलं, असं विचारलं. सांगितल्यावर तो आधी हसला, मग म्हणाला, "काकूंना रविवारी वेळ असेल का? आणखी दोन गाड्या आल्यात."

आई म्हणाली, "रविवारी भिशी आहे. शनिवारी बोलव. आणि गाडीत उशी ठेवायला सांग."