चौथा प्रश्न

बार्बरा वॉल्टर्स म्हटलं की लोकांना आधी ते वर्षाचे दहा लाख डॉलर आठवतात. १९७६ ला एबीसी या टीव्ही चॅनलने तिला तेवढे दिले, अमेरिकेत संध्याकाळच्या मेन बातम्या सांगणारी नेटवर्कवरची पहिली बाई ती, आणि सगळी चर्चा पगाराची! त्यातले निम्मे पैसे तर बातम्यांचे नव्हतेच, वेगळ्या स्पेशल इंटरव्ह्यूंचे होते, पण ते कोण सांगणार.

मला मात्र त्याच्या आधीचा काळ जास्त मोठा वाटतो. एनबीसी या दुसऱ्या चॅनलच्या ‘टुडे’ या सकाळच्या शोमध्ये ती १९६१ ला रायटर म्हणून आली, बायकांसाठीचे हलकेफुलके विषय करत करत कॅमेऱ्यासमोर स्थिरावली. मग १९७१ ला फ्रँक मॅगी होस्ट झाला आणि त्याने वरच्या साहेबांकडून नियमच करून घेतला की स्टुडिओत मोठा पाहुणा आला तर पहिले तीन प्रश्न मी विचारणार, हिने चौथ्यापासून तोंड उघडायचं. इतकी वर्षं तिथे काम केलेल्या बाईला हे सांगायचं आणि वरच्यांनी त्याला मान डोलवायची, आजही वाचताना संताप येतो.

पण नियम स्टुडिओपुरताच होता ना, मग ती बाहेर जाऊन इंटरव्ह्यू घ्यायला लागली, तिथे पहिला प्रश्नही तिचा आणि शेवटचाही. लोकांना पत्रं लिहायची, चिकाटीने मागे लागायची, प्रश्न छोट्या कार्डांवर लिहून त्यांचा क्रम पुन्हा पुन्हा लावायची. तिच्या करारात एक अट होती, मॅगी गेला तर को-होस्ट हीच. १९७४ ला तो वारला आणि चॅनलला ती अट पाळावी लागली.

एबीसीत तिच्यासोबत बातम्या सांगणाऱ्या हॅरी रीझनरला ती शेजारी नकोच होती आणि ते पडद्यावर उघड दिसायचं. तरी १९७७ ला तिने क्युबात जाऊन तिथल्या सर्वेसर्वा कॅस्ट्रोला बोलतं केलं आणि त्याच वर्षी जेरुसलेममध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना एकत्र बसवून मुलाखत घेतली. यानंतरही कोणी तिला नुसती सेलिब्रिटींना रडवणारी म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही.

सगळंच आवडतं असंही नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटनसोबतच्या प्रकरणाने गाजलेल्या मोनिका लेविन्स्कीच्या १९९९ च्या मुलाखतीत ती पोरगी म्हणाली की मुलांना सांगेन आईने मोठी चूक केली, त्यावर बाईंनी कॅमेऱ्याकडे बघून मारलेला टोमणा मला आजही खटकतो. समोरच्या बाईचं ऐकून घ्यायचं हे तर तिनेच शिकवलेलं. पण ‘द व्ह्यू’ हा टीव्हीवरचा गप्पांचा शो तिने ६७ व्या वर्षी सुरू केला, पाच बायका एका टेबलाभोवती बसून राजकारणावर बिनधास्त बोलतायत, आणि तिथे मॅगीसारखी परवानगी कुणाची घ्यायची नाही, हे तिने स्वतः उभं केलं आणि ८४ व्या वर्षापर्यंत चालवलं.