सही न केल्याबद्दल कुणाला काही होतं का?

लालफीत कमी करा म्हणजे उद्योग वाढतील, हाताला काम मिळेल, असं जगातलं प्रत्येक सरकार म्हणतं. समिती बसते, शे-दोनशे जुने कायदे रद्द झाल्याची बातमी येते. त्यातले बरेच कायदे अस्तित्वात होते हेच कुणाला ठाऊक नसतं. जिथे खरं अडतं तिथे कुणी हात लावत नाही.

अडतं टेबलावर. फाईल समोर असलेल्या माणसाच्या खुर्चीत जरा बसून बघा. सही केली आणि पुढे काही उलटंसुलटं झालं तर चौकशी त्याची. सही नाही केली तर? काहीच नाही. अर्जदार खेटे घालेल, वैतागेल, कुणाकडून तरी फोन करवेल. पगार ठरल्या तारखेला होणारच. त्या खुर्चीत तुम्ही-मी असतो तरी फाईल दाबूनच ठेवली असती. 'सरकारी माणसं आळशी' ही तक्रार म्हणून मला पटत नाही. तो माणूस हिशेबी आहे आणि त्याचा हिशेब बरोबर आहे.

सही टाळायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे त्रुटी काढणं. पहिल्या खेपेला नकाशावर शिक्का नाही. तो आणला की भाडेकरारातलं नाव अर्जातल्या नावापेक्षा एका अक्षराने वेगळं. ते निस्तरलं की सोबत जोडलेल्या दाखल्याची मुदत संपलेली! पहिल्या दोन त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. तिसरी कार्यालयानेच जन्माला घातली.

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी 1983 मध्ये हे मोजूनच दाखवलं. त्यांच्या माणसांनी लिमा शहराच्या कडेला कपडे शिवायचा एक छोटा कारखाना रीतसर नोंदवायचा ठरवला, सगळे कागद नियमाने करून. 289 दिवस लागले. दहा वेळा लाच मागितली गेली, आणि दोनदा ती दिल्याशिवाय काम पुढे सरकेचना. एवढे दिवस मोठी कंपनी काढू शकते, तिच्याकडे या कामासाठी वेगळी माणसं असतात. चार-पाच कामगारांचा मालक मात्र नोंदणीचा नाद सोडतो आणि बिनपरवाना धंदा करतो. मग बँक दारात उभं करत नाही, मोठी ऑर्डर घेता येत नाही, कामगारांची नावं कुठेच लागत नाहीत. आणि कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून तो मुद्दामच लहान राहतो.

रीतसर नोंदवलेलेही मुद्दाम लहान राहतात बरं का. फ्रान्समध्ये कामगारांची संख्या 50 झाली की कंपनीवर एकदम बरीच नवी बंधनं येतात. त्यामुळे 49 कामगारांवर थांबलेल्या कंपन्यांची तिथे गर्दी दिसते. पन्नासावा माणूस हवा असतो, कामही असतं, पण घ्यायचा नाही. शेवटी 2019 च्या कायद्याने ठरवलं की सलग पाच वर्षं मर्यादा ओलांडली तरच ती बंधनं लागू. उशिरा का होईना, शहाणपण.

कंपनी नोंदणी जलद करणं त्या मानाने सोपं. पोर्तुगालने 2005 मध्ये आधीच मंजूर केलेली नावं आणि तयार मसुदे एकाच काउंटरवर ठेवले, आणि कंपनी तासाभरात उभी राहू लागली. उत्तम. पण नोंदणी झाली म्हणजे कारखाना सुरू झाला असं नाही. जागतिक बँकेची व्यवसाय-सुलभतेची क्रमवारी होती तेव्हा कित्येक देश त्या क्रमांकासाठीच सुधारणा करत, परीक्षेपुरता अभ्यास करावा तसे. आकड्यांमध्येच फेरफार झाल्याचं उघड झालं आणि 2021 मध्ये ती क्रमवारी बंद पडली.

मला पटलेला उपाय एकच: उशिराची किंमत कार्यालयाने मोजावी. मुदतीत उत्तर नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. फ्रान्सने 2013 मध्ये तसा कायदा केला, दोन महिने मौन म्हणजे होकार. लगेच खात्याखात्यातून अपवाद निघाले आणि त्यांची यादी नियमापेक्षा जड झाली. (लालफीत कापायची कात्रीसुद्धा लालफितीत गुंडाळून मिळते!)

काही अपवाद मात्र हवेतच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये आग लागून 72 माणसं गेली. चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं की नियम कमी करायच्या धडाक्यात इमारतींचे नियम पाहणाऱ्या सरकारी खात्याने जिवाच्या सुरक्षेच्या बाबीही दुर्लक्षित केल्या, लांबणीवर टाकल्या. तेव्हा आग, इमारत, औषध, विषारी सांडपाणी यांत मौनाला होकार धरू नये. तिथे तपासनीस वाढवा, पगार वाढवा, आणि त्यांनाही तारीख बांधून द्या.

बाकी सगळीकडे दोन गोष्टी लिहून घ्या. सगळ्या त्रुटी पहिल्याच पत्रात कळवायच्या, नंतर नवी काढायची नाही. आणि फाईल ज्या टेबलावर आहे तिथल्या अधिकाऱ्याचं नाव आणि तिथे किती दिवस झाले ते अर्जदाराला फोनवर दिसायला हवं. कुरिअरचं पार्सल कुठे पोचलं ते दिसतं, तर हे दिसायला काय हरकत आहे?