गेटवर ग्रेड, वर्गात शिक्षक नाही

थोरलीच्या वेळी पाहिलं, आता धाकटीच्या वेळीही तेच! नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हटलं की कॉलेजात रंगकाम सुरू, कुंड्या येतात, वर्षभर कुलूपबंद असलेली लॅब उघडते. शिक्षक तास सोडून फायली भरत बसतात. टीम गेली की लॅबला पुन्हा कुलूप. अन् गेटवर ग्रेडचा हा एवढा फ्लेक्स, पुढची ५ वर्षं!

नॅकच्या ७ निकषांत अध्यापन आहे, मान्य. पण अख्खं सेमिस्टर गणिताला शिक्षकच नव्हता, हे ग्रेडमागच्या त्या ४ पैकी गुणांच्या आकड्यात कुठे दिसतं? तोच आकडा बघून आम्ही कर्ज काढलं ना! वर सीताबर्डीतल्या ट्यूशनची फी वेगळी. नागपूरच्या ४५ डिग्रीत पोरगी बसने जाते आणि तास झालाच नाही म्हणून परत येते. चीड येते हो!